पहिल्या सिझेरियननंतरचं दुसरं बाळंतपण

(गेल्या वर्षीच्या उत्सवात, गौरींच्या हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्या हैदराबादच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं हे लिखित रूप. अनेक भगिनींच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



आरती झाली आहे, आतून मोदकांचा वास येतो आहे, आणि अशा वेळी डॉक्टरचं भाषण ऐकावं लागणं ही एक शिक्षाच आहे याची मला कल्पना आहे. म्हणून पाल्हाळ लावत नाही. विषयही मी शोधलेला नाही, तो तुम्हीच दिलेला आहे.

तीन वर्षांपूर्वी याच हळदीकुंकवाला तीन मुली वेगवेगळ्या माझ्याशी बोलल्या. तिघींना दुसऱ्यांदा दिवस गेलेले. तिघींचा प्रश्न एकच : "मॅडम, पहिलं सीझर झालंय. आता नॉर्मल होईल का, की परत सीझरच?" मी तिघींना एकच विचारलं, "पहिल्या ऑपरेशनचा कागद आहे का?" एक नांदेडची, एक लातूरची, एक सोलापूरची. पण उत्तर शब्दाशब्दाला सारखं आलं : "तो माहेरी असेल. आईकडे."

आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्या मराठी घरांची ही खास गोष्ट आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. सातव्या महिन्यात मुलगी काचीगुड्याहून गाडीत बसते, तिकडे बाळंतीण होते, तीन महिन्यांनी बाळ, बाळंतविडा आणि डिंकाचे लाडू घेऊन परत येते. लाडू येतात, कागद मात्र मागे राहतो. दुसऱ्या वेळी मोठ्याची शाळा असते, आईचे गुडघे दुखत असतात, म्हणून बाळंतपण इथेच करायचं ठरतं. आणि इथल्या डॉक्टरला तिच्या पोटावरची खूण दिसते, पण आत काय झालं होतं ते कळत नाही. आज जे सांगणार आहे त्याचं सार या हरवलेल्या कागदातच आहे.

हा प्रश्न आता थोड्याथोडक्या घरांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ साली देशात शंभरातली साधारण साडेआठ बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हा आकडा साडेएकवीस झाला. खाजगी रुग्णालयांत तो सत्तेचाळीसच्या वर होता. आणि आपल्या तेलंगणात, सगळी रुग्णालयं धरून, ६०.७ टक्के! म्हणजे या राज्यात दुसरेपणाची बाई दारात आली, की पहिलं सीझर आहे असं समजूनच चालावं, अशी स्थिती.

"एकदा सीझर म्हणजे कायमचं सीझर" हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. ते आलं कुठून? १९१६ साली न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांच्या एका लेखातून. त्यांचा रोख होता पहिल्या सिझेरियनवर. पहिलं ऑपरेशन उगाच करू नका, कारण पुढची बाळंतपणंही त्याला बांधली जातात, असा तो इशारा होता. त्या काळी गर्भाशयावर वरच्या जाड भागात उभा छेद घेत. पुढच्या वेळी कळांचा जोर नेमका त्याच जागी येई आणि टाका उसवे. नंतर १९२०च्या दशकात ग्लासगोचे डॉ. मनरो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. या भागावर कळांचा ताण कमी येतो आणि व्रण चांगला भरतो. आज बहुतेक सिझेरियन असंच होतं. छेद बदलला, वाक्य मात्र शंभर वर्षं तसंच राहिलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पोटाच्या कातडीवरची खूण आडवी आहे, म्हणजे आत गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल, असं नाही. बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असेल, आडवं असेल, काढताना अडचण आली असेल, तर आतला छेद उभा किंवा वर वाढवलेला असू शकतो. हे बाहेरून कळत नाही. सोनोग्राफीतही खात्रीने कळत नाही. ते ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलेलं असतं.

आता मी तुम्हाला माझ्या आयुष्यातल्या दोन गोष्टी सांगते. या दोन बायकांमुळे माझं मत दोनदा बदललं.

पहिली, मी मराठवाड्यात एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होते तेव्हाची. रात्री एक बाई जीपमधून आली. दुसरं बाळंतपण. पोटावर जुन्या टाक्यांची खूण, जवळ कागद एकही नाही. आधीच्या ठिकाणी कळा वाढवण्याचं औषध दिलं होतं. किती आणि कधी, ते कुणाला सांगता येईना. पोट उघडलं तेव्हा जुना टाका उसवलेला होता. बाळ गेलं होतं. बाईचा जीव वाचला. सासू बाहेर बाकावर बाळाची दुपटी मांडीवर घेऊन बसली होती. तिला सांगायला मीच गेले. त्यानंतर कित्येक वर्षं माझ्याकडे पहिलं सीझर झालेली जी बाई येई, तिला मी दुसरा विचारच करू देत नसे. तारीख द्यायची आणि मोकळं व्हायचं.

दुसरी गोष्ट माझ्या हातची आहे. इथेच, हैदराबादला. तिचं पहिलं सिझेरियन बाळ पायाळू होतं म्हणून झालेलं. दुसऱ्या वेळी बाळाचं डोकं खाली, वजन बेताचं, कागद जवळ, छेद आडवा. तिला स्वतःला नॉर्मल हवं होतं. ती दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा नको म्हटलं आणि सिझेरियन केलं. सगळं छान झालं. चार वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. या वेळी वार खाली, अगदी जुन्या टाक्यांवर बसलेली होती आणि गर्भाशयात रुतलेली होती. मोठ्या रुग्णालयात चार डॉक्टरांनी मिळून ऑपरेशन केलं, मी त्यांत होते. रक्ताच्या पिशव्यांमागून पिशव्या लागल्या. शेवटी गर्भाशय काढावं लागलं. बाई वाचली, बाळही वाचलं. पण घरी गेल्यावर मला एकच सारखं आठवत होतं. दुसऱ्या वेळी मी तिला एक साधा प्रश्न विचारला नव्हता : तुला मुलं किती हवीत?

पहिल्या बाईने मला नॉर्मलची भीती घातली, दुसरीने सिझेरियनची. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पण एका भीतीवर निर्णय घेऊ नये. दोन्ही पारड्यांत काय आहे ते बघून घ्यावा.

तर पारडी बघू. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातले आकडे सांगते. आधी एकच सिझेरियन, छेद खालचा आणि आडवा, अशा बाईने नॉर्मलचा प्रयत्न केला तर चारातल्या साधारण तिघी नॉर्मल बाळंत होतात. सिझेरियनच्या आधी किंवा नंतर एकदा जरी नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल, तर शंभरातल्या पंच्याऐंशी ते नव्वद. टाका उसवण्याचा धोका सुमारे दोनशेत एक. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये तो दहा हजारांत दोनपेक्षाही कमी. बाळंतपणात बाळ दगावण्याचा धोका नॉर्मलच्या प्रयत्नात दहा हजारांत चार, म्हणजे एखाद्या पहिलटकरणीला असतो जवळपास तेवढाच. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये तो दहा हजारांत एकाहून कमी.

म्हणजे या बाळापुरतं पाहिलं तर ठरवलेलं सिझेरियन थोडं उजवं. मग नॉर्मलच्या पारड्यात काय? बाई लवकर हिंडू-फिरू लागते. घरात अडीच वर्षांचं पहिलं पोर "आई उचल" म्हणून पायाला मिठी मारत असतं, आणि माहेर तीनशे किलोमीटरवर असतं, तेव्हा याचं मोल कळतं. नवजात बाळाला श्वासाचा त्रास होण्याचं प्रमाण नॉर्मलच्या प्रयत्नात शंभरात दोन-तीन, तर ३९ आठवड्यांनंतरच्या ठरवलेल्या सिझेरियनमध्ये चार-पाच. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पुढची बाळंतपणं. दर सिझेरियनमागे आत चिकटे वाढतात, मूत्राशय वर ओढलं जातं, आणि वार रुतण्याचा धोका वाढतो. २००६ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वार खाली असलेल्या बायकांमध्ये ती रुतलेली निघण्याचं प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के होतं. तीनचे चाळीस! माझी ती बाई या चाळिसांतली.

म्हणून ज्या घरात "दोनच पुरे" हे पक्कं आहे, त्या घराचा हिशेब वेगळा. ज्या घरात तिसऱ्याची इच्छा आहे किंवा कुणाच्या तरी मनात ती दडलेली आहे, त्या घराचा वेगळा. हे नवरा-बायकोने आधी आपसात बोलायला हवं. दुसऱ्या सिझेरियनसोबतच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करता येते, ही अनेकींच्या दृष्टीने मोठी सोय आहे. पण तो निर्णय ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचा नसतो, शांतपणे आधी घ्यायचा असतो.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. सगळ्यांत कमी त्रास होतो तो नॉर्मल पार पडलेल्या बाईला. त्यानंतर ठरवलेल्या सिझेरियनवालीला. सगळ्यांत जास्त त्रास होतो तो कळा सोसून, प्रयत्न करून, शेवटी घाईत सिझेरियन करावं लागलेल्या बाईला. म्हणून यशाची शक्यता आधी नीट जोखायची. पहिलं सिझेरियन बाळ पायाळू होतं किंवा ठोके कमी झाले म्हणून झालं असेल, तर शक्यता चांगली. पूर्ण कळा देऊनही बाळ खाली सरकलं नाही म्हणून झालं असेल, तर कमी, पण शून्य नव्हे. आईचं वजन फार असेल, बाळ चार किलोच्या वर वाटत असेल, तरी कमी. कळा आपोआप सुरू झाल्या तर उत्तम. औषधाने आणाव्या किंवा वाढवाव्या लागल्या तर टाका उसवण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. आजीबाईंना माझी हात जोडून विनंती : "कळा यायला एरंडेल दे" हे पहिलं सीझर झालेल्या सुनेच्या बाबतीत अजिबात नको.

काहींनी मात्र नॉर्मलचा विचार करूच नये. गर्भाशयावरचा छेद उभा असेल, पूर्वी एकदा टाका उसवलेला असेल, किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर ठरवून सिझेरियनच. गाठींसाठी गर्भाशयावर मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल तर तोही कागद दाखवायला हवा. दोन बाळंतपणांत अंतर फार कमी असेल तरीही डॉक्टर सावध होतात, म्हणून पहिल्या सिझेरियननंतर किमान दीड-दोन वर्षं तरी दम धरावा. आणि सोनोग्राफीत जुन्या टाक्यांची जाडी इतके मिलिमीटर आली, एवढ्याच एका आकड्यावर कुणी निकाल देत असेल तर जरा थांबा. सगळीकडे मान्य झालेली अशी एक मर्यादा अजून ठरलेली नाही.

आता रुग्णालयाबद्दल. तुमचा कागद चांगला आहे, इच्छा आहे, पण रुग्णालय योग्य नसेल तर सगळं व्यर्थ. डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतो की घरून येतो? ऑपरेशन थिएटर चोवीस तास चालू असतं का? रक्त किती वेळात मिळतं? कळा सुरू झाल्यापासून बाळाचे ठोके यंत्रावर सतत पाहिले जातात का? टाका उसवू लागला की बहुतेक वेळा पहिली खूण बाळाच्या ठोक्यांतच दिसते. पोटात टाक्यांवर दुखेलच असं नाही. दोन खोल्यांच्या छोट्या प्रसूतिगृहातला डॉक्टर "माझ्याकडे नको" म्हणाला तर तो भित्रा आहे असं समजू नका, तो प्रामाणिक आहे. मात्र ज्यांच्याकडे सगळी सोय आहे, तेही कारण न सांगता नाही म्हणाले, तर कारण विचारा. ठरवलेलं सिझेरियन आम्हा डॉक्टरांना सोयीचं असतं. वेळ ठरते, झोप मोडत नाही. हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल सांगते आहे.

आणि हैदराबादकरांसाठी एक खास प्रश्न. अनंत चतुर्दशीला कळा सुरू झाल्या तर पोचणार कसं? त्या दिवशी हुसेनसागराकडे जाणारे रस्ते बंद, टँकबंडवर मुंगी शिरायला जागा नाही. ज्यांचे दिवस या सुमारास भरतात त्यांनी वळसा घालून जायचा रस्ता आधीच ठरवून ठेवा. बाप्पा विघ्नहर्ता आहे हे खरं, पण वाहतूक पोलीस काही बाप्पाचं ऐकत नाहीत.

मुहूर्ताबद्दलही बोलायलाच हवं. इथे आपल्या शेजाऱ्यांकडे मुहूर्तम् बघून सिझेरियन करण्याची पद्धत बरीच आहे, आणि आपणही ती चटकन उचलली. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, चतुर्थीला बाळ काढता येईल का?" सिझेरियन ठरलंच असेल आणि ३९ आठवडे पूर्ण झाले असतील, तर सोमवारऐवजी बुधवारी करायला माझी ना नाही. पण मुहूर्तासाठी ३७ व्या आठवड्यात बाळ ओढून काढलं आणि ते चार दिवस काचेच्या पेटीत राहिलं, तर तो मुहूर्त कसला?

आता त्या तिघींचं सांगते. त्यांची संमती घेतली आहे, नावं सांगत नाही. तिघींनी आईला फोन केले. एकीच्या आईला तो कागद गोदरेजच्या कपाटात, नातवाच्या पत्रिकेला गुंडाळलेला सापडला. एकीचे वडील स्वतः रुग्णालयात जाऊन नोंदीची प्रत घेऊन आले. एकीच्या भावाने फोनवरून फोटो पाठवला.

सोलापूरच्या मुलीच्या कागदात निघालं की आडवा छेद पुरला नव्हता म्हणून वरच्या बाजूला वाढवला होता. तिला नॉर्मलची फार हौस होती. मी तिला तो कागद वाचून दाखवला. तिने दोन मिनिटं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं झालं कागद मिळाला." तिच्या कळा सुरू व्हायच्या आत, ठरवून सिझेरियन केलं. लातूरची मुलगी नॉर्मल बाळंत झाली, दुसऱ्या दिवशी घरी गेली. नांदेडच्या मुलीच्या कळा आपोआप आल्या, सहा सेंटिमीटरपर्यंत सगळं ठीक चाललं, मग बाळाचे ठोके बिघडले. पंचवीस मिनिटांत बाळ बाहेर होतं, आणि चांगलं रडलं.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेशी गेले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी हरलेच ना?" सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "हरायला काय शर्यत लावली होतीस का? लेकरू बघ की." यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एवढंच सांगते की पहिल्या वेळी तिला कुणी काही विचारलं नव्हतं. या वेळी दोन्ही वाटा तिला माहीत होत्या, वाट तिने निवडली होती, आणि मध्येच वाट बदलावी लागली तर काय करायचं तेही ठरलेलं होतं. तिघींची बाळंतपणं तीन तऱ्हेने झाली. तिन्ही बरोबर झाली असं मी मानते.

तेव्हा घरी गेल्यावर एक काम करा. तुमचं, मुलीचं, सुनेचं, वहिनीचं सिझेरियन झालं असेल तर माहेरी फोन लावा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, त्यावर बऱ्याचदा एकच शब्द असतो. ऑपरेशनची नोंद मागा. तिच्यात तीन गोष्टी बघा : सिझेरियन का केलं, गर्भाशयावर छेद कसा घेतला, आणि काही अडचण आली होती का. प्रत काढून घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. रुग्णालयं जुनी कागदपत्रं जन्मभर सांभाळत नाहीत, म्हणून उद्यावर टाकू नका. ज्यांच्या घरी पहिलं बाळंतपण व्हायचं आहे, त्यांनी लाडवांच्या डब्यासोबत तो कागदही आणायचा, एवढं लक्षात ठेवा.

बाकी नॉर्मल की सीझर, हे ठरवताना डॉक्टरांचं ऐका, आईचं ऐका, सासूबाईंचंही ऐका. पण जिच्या पोटावर टाके आहेत तिला आधी बोलू द्या. मी एकदा बोलू दिलं नव्हतं.

माझं बोलणं संपलं. प्रसाद थंड होत नसेल अशी आशा आहे.

गणपती बाप्पा मोरया!